शंभर टक्के मोकळी

मसाका शहराच्या न्येंडो बाजारातल्या त्या दुकानात कॉम्प्युटर एकच, पण त्यात संसार दोन. चालू केला की पडदा आधी विचारायचा, विंडोज की लिनक्स? पेरेपेत्वा विंडोज घ्यायची. लग्नांचे व्हिडिओ जुळवून द्यायचं तिचं काम. धाकटा भाऊ बोसा दुपारी शाळेतून आला की लिनक्स घ्यायचा. तो कर्णबधिर मुलांना शिकवायचा आणि दोन वर्षं त्यांच्या हातांच्या खुणांचा शब्दकोश करत होता. शेजारची शिंपीण नामुद्दू स्वतः कर्णबधिर. रोज संध्याकाळी पाचला ती आपलं शिलाई मशीन झाकून यायची, दुकानाच्या भिंतीपुढे उभी राहायची आणि एकेक शब्द हातांनी करून दाखवायची. बोसा ते कॅमेऱ्यात टिपून घ्यायचा. चौदाशे शब्द झाले होते. येत्या सोमवारी ते शाळेत द्यायचे होते.

डिस्क मात्र दोघांत एक, मधोमध रेष. अलीकडे बहिणीचं, पलीकडे भावाचं. आणि लग्नं तर दिवसेंदिवस फुगत चालली होती.

"बोसा, थोडी सरकव ना रे रेष."

"ताई, गेल्याच महिन्यात सरकवली."

"तुझे ते हात हलवायचे व्हिडिओ. त्यांना ना आवाज, ना गाणं. त्यांना लागते कितीशी जागा?"

"तुझ्या वऱ्हाड्यांना लागते तेवढीच," तो हसून म्हणायचा, आणि सरकवायचा.

असं चारदा झालं. बांध कोरणाऱ्या शेजाऱ्यासारखी ती वीतवीत पुढे सरकत होती, आणि आपण काही कोरतो आहोत हे तिच्या मनालाही शिवत नव्हतं. पहाटे उठून जपमाळ ओढणारी, शुक्रवारी दिवसभर पाण्यावर राहणारी बाई ती. घरच्या माणसाकडून मागितलं तर ते घेणं कसलं? बोसानं दुसरी प्रत ठेवली होती ती सुटी डिस्कसुद्धा तिनं ईस्टरच्या आधी, झावळ्यांच्या रविवारी एका वरपक्षाला देऊन टाकली होती. "आठ दिवसांत परत आणतील," म्हणाली होती. ती डिस्क आली नाही. बोसानं पुन्हा विषय काढला नाही.

त्या गुरुवारी एका नवरीची मावशी दारातूनच बोलायला लागली. पेरेपेत्वाला जुळी मुलं, म्हणून सगळा बाजार तिला नालोंगो म्हणायचा.

"नालोंगो, पोरीचं बाळंतपण जवळ आलं, तरी लग्न काही बघायला मिळेना. शनिवारी सगळं गाव अंगणात जमतंय. काय दाखवू त्यांना, माझं तोंड?"

"शनिवारी सकाळी हातात देते, न्याबो," ती आदरानं म्हणाली.

मावशी गेली. पेरेपेत्वानं तीन कॅमेऱ्यांचं चित्रण उतरवायला घेतलं, आणि अर्ध्यावरच डिस्क भरली. बोसाचा फोन बंद. वर्गात तो बंदच ठेवायचा.

तिनं डिस्कच्या भागांची यादी उघडली. बोसाला हे करताना तिनं पाहिलेलं होतं. तिच्या भागाला नाव होतं. पलीकडच्या भागाला नाव नव्हतं, अक्षर नव्हतं. शेवटच्या रकान्यात मात्र स्वच्छ लिहिलेलं: मोकळी, शंभर टक्के.

विंडोजला लिनक्सच्या घरातलं काही वाचता येत नाही, आणि न वाचता येणारं घर ते रिकामंच धरतं. हे तिला ठाऊक नव्हतं. पण कालच संध्याकाळी त्या भिंतीपुढे उभी राहून नामुद्दू 'विहीर' करून दाखवत होती, हे ठाऊक होतं. तिचं बोट थोडा वेळ अडलं. मग तिनं मनाची समजूत घातली. हलवलं असेल त्यानं कुठेतरी. मशीन कशाला खोटं सांगेल?

तिनं तो भाग काढून टाकला, आपल्या भागाला जोडला, आणि तिन्ही कॅमेरे त्यात ओतले. जागा उरली, तेव्हा मागची दोन लग्नंही तिकडे हलवली.

दुपारी वीज गेली. परत आली तेव्हा पडदा काळा, वर इंग्रजीच्या दोन ओळी. विंडोज की लिनक्स, हे विचारायला कुणी आलंच नाही; विचारणारा पलीकडच्याच घरात राहायचा.

तीनला बोसा आला. तिनं सगळं सांगितलं, लग्नं हलवल्याचंही. तो पेनड्राइव्ह लावून कामाला बसला. अर्ध्या तासात विंडोज उघडलं.

"हे बघ, तुझं आलं. लग्नं शाबूत आहेत."

"आणि तुझं?"

"शोधतो."

पाच वाजेपर्यंत तो शोधत होता. मिळाले ते तुकडे. एकात हात वर जाऊन थांबलेला, एकात नुसती भिंत.

"नुसतं काढून टाकलं असतंस तर बहुतेक परत मिळालं असतं," तो म्हणाला. "त्याच्यावर लग्नं बसली."

"मशीन मोकळी म्हणत होतं रे. शंभर टक्के."

"ते तसंच म्हणतं. त्याला दिसत नाही." खुर्ची वळवून त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तुला वाटलं होतं, मोकळी आहे?"

हो म्हणणं सोपं होतं. त्यानं ते मानलंही असतं. त्याचा स्वभावच तसा.

"नाही," ती म्हणाली. "मला जागा हवी होती."

बोसानं मान खाली घातली. तेवढ्यात नामुद्दू आली, ओढणीवर दोऱ्याचे धागे तसेच घेऊन, आणि सवयीनं भिंतीपुढे जाऊन उभी राहिली. बोसा उठला. त्यानं हातांनी तिला सांगायला सुरुवात केली. बराच वेळ सांगत होता. पेरेपेत्वा बघत राहिली. दोन वर्षं याच खोलीत पाठ करून बसली होती ती. त्यातली एक खूणही तिला कळेना.

ते बघताना नामुद्दूचे उचललेले हात खाली आले. मग पेरेपेत्वाकडे वळून तिनं हातांनी काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?"

"विचारते आहे, तुमचं काम वाचलं ना?"

पेरेपेत्वानं होकारार्थी मान हलवली. तेवढंच तिला येत होतं.