रिकाम्या वाट्या

आमच्या पाळणाघरात स्वयंपाक माझा आणि भरवणं माझ्या धाकट्या जावेचं. तिला ही नोकरी मीच लावून दिली, माझा शब्द खर्च करून. रोज वेगळं रांधायचं हा माझा हट्ट: आज अंडं, उद्या मसूर, परवा मासा, मग राजमा, पनीर. नवी चव पोरं आधी थुंकतातच. दहादा पुढे करावी, तेव्हा कुठे गिळतात. कोणी काय खाल्लं ते जावेने भिंतीवरच्या तक्त्यात लिहायचं आणि त्यावरून मी पुढचा आठवडा ठरवायचा. वाट्या चाटूनपुसून परत यायच्या. मी हरभऱ्याच्या झाडावर.

माझी दीड वर्षांची नातही तिथेच. रात्री ती नुसत्या दुधावर झोपायची. दुपारी पोटभर जेवलीय, म्हणून आम्हीही आग्रह करत नव्हतो. पण तीन महिने वजन जागचं हलेना. लेकीने तक्त्याचा फोटो दाखवला तेव्हा डॉक्टर म्हणाले, खाणं तर उत्तम आहे, म्हणजे दुखणं आत कुठेतरी असणार. पोरीचं तीनदा रक्त काढलं.

काल जावेला यायला उशीर झाला, म्हणून मीच भरवायला बसले. चिरण्याआधी सोललेलं अंडं नातीच्या हातात दिलं. तिने ते जमिनीवर घरंगळत सोडलं आणि टाळ्या पिटल्या. तक्त्यात तिच्या नावापुढे अकरा अंडी होती.

जाऊ आली. आधी उडवाउडवी केली, मग म्हणाली, "ताई, दहा पोरं आणि दोन हात. दुधात बुडवलेलं बिस्कीट पाच मिनिटांत जातं."

"आणि मी केलेलं?"

"कचऱ्यात. एकदा डाळ परत आली, तर तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात."

केसाने गळा कापला मेलीने. पोरीला सुई टोचत होते तेव्हा हीच बया माझ्या लेकीची पाठ थोपटत बसली होती. तिन्ही वेळा. तोंडातून चकार शब्द नाही.

मी तिच्यासमोरच लेकीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. लेक म्हणाली, "आई, भरवायची खोली तुझ्या ओट्यापासून किती लांब आहे गं?"

मधे एकच दार आहे. ते मीच लावून घ्यायचे, पोरांची रडारड नको म्हणून.