डावीकडचा वरचा दात

साहेबांनी कारागिराच्या मूळ प्रमाणपत्रांवर चहाचा कप ठेवला आणि फोन उचलला.

"बोल रे. नाही नाही, मोकळाच आहे."

समोरच्या माणसाला त्यांनी बोटानं थांबायची खूण केली. ही चौथी खूण. खोली एवढीशी, की कारागिराचे गुडघे टेबलाला टेकत होते आणि खुर्चीची पाठ लोखंडी कपाटाला. दाराकडे जायचं तर आधी साहेबांनी उठून वाट द्यायला हवी. सगळं आवरून सरळ निघून जावं असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण कपाखाली त्याच्या तीस वर्षांचे कागद होते.

तो दात बनवायचा. डॉक्टर तोंडाचा साचा पाठवत, आणि त्यावरून हा आधी मेणात, मग सिरॅमिकमध्ये दात घडवायचा. आठ महिन्यांपूर्वी त्याची लॅब बंद पडली. बाकीच्यांकडे यंत्रं आली होती. हातकामाची एकच जागा उरली होती ती दातांच्या या दवाखान्यात, आणि ती आज हे साहेब भरणार होते. सकाळी त्याची कॉलर सारखी करताना बायको म्हणाली होती, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आपलं मात्र तीस वर्षं भरलं. आज हो म्हणवूनच या."

फोन संपला. साहेबांनी पुढ्यातली फाइल चाळली.

"हं काका, फोनवर बोलायची सवय आहे ना? पेशंट जरा चिडचिड करतात."

"मी रिसेप्शनसाठी नाही आलो, साहेब. दात बनवतो."

"अरे, ही दुसऱ्याच कुणाची फाइल दिसतेय." त्यांनी ढीग उपसला, काही सापडलं नाही, तेव्हा ढीग तसाच सोडून दिला. "असू दे. तुम्हीच सांगा. दात तर डॉक्टर बसवतात ना? मग तुम्ही नेमकं काय करता?"

कारागिरानं पहिल्यापासून सांगायला घेतलं. मेणापर्यंत पोचला आणि पुन्हा फोन वाजला. तो संपल्यावर साहेबांनी विचारलं, "हं, तर काय करता म्हणालात?" त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. दोनदा तेच सांगून त्याला तहान लागली होती, आणि पाणी साहेबांच्या बाजूला होतं.

मग त्यानं पिशवीतून डबी काढली आणि नमुन्याचे दात टेबलावर ठेवले. साहेबांनी ते पेनाच्या टोकानं उलटे केले.

"छान आहेत हो. पण खरं सांगू का काका? हातानं केलेला दात लगेच ओळखू येतो. यंत्राची सफाई वेगळीच." आणि ते मनापासून हसले.

कारागीर काही बोलणार होता, तो थांबला. पुढे वाकून त्यानं साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं.

डावीकडचा वरचा, मधल्या दोघांच्या शेजारचा दात. किंचित तिरका, कारण उजवीकडचा खरा दात तसाच तिरका होता. टोकाशी केसाएवढी पिवळसर रेघ. ती रेघ चार वर्षांपूर्वी तीन केसांच्या कुंचल्यानं त्यानंच ओढली होती. डॉक्टरांनी काम दोनदा परत पाठवलं होतं, आणि दोन्ही खेपांना चिठ्ठीवर एकच वाक्य अधोरेखित होतं: कुणालाही कळता कामा नये.

तीस वर्षांत त्यानं आपला दात कुणाच्या तोंडात हसताना पाहिला नव्हता. त्याला एवढा आनंद झाला, की आपण इथे कशाला आलो हेच तो क्षणभर विसरला. मग आठवलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा. नमुना तर समोरच होता. एक वाक्य बोलायचा अवकाश.

त्यानं डबी बंद केली आणि पिशवीत टाकली.

"आणखी काही सांगायचंय?" साहेबांनी घड्याळ बघत विचारलं.

"नाही."

"बरं. कळवतो आम्ही."

साहेब उठले, वाट दिली. कागद मात्र कपाखालीच राहिले. ते मागायला कारागीर दारातून वळला, तर साहेबांनी पुन्हा फोन कानाला लावलेला आणि पेनाचं टोपण डाव्या दातांत करकचून धरलेलं. त्याला राहवेना.

"साहेब, पेन उजवीकडनं चावा. डावीकडनं नको."

"का हो?"

"टवका उडेल," तो हळूच म्हणाला.

साहेबांचा हात तोंडावर गेला. फोनमध्ये कुणीतरी हॅलो, हॅलो करत होतं. त्यांनी तो न बोलताच बंद केला.

"दार लावा," ते म्हणाले. "बसा."

कारागीर पुन्हा टेबल आणि कपाटाच्या मधे जाऊन बसला. साहेबांनी हात खाली घेतला नव्हता.

"आणखी कुणाकुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलं होतं ना तसं."

साहेबांनी तोंडावरचा हात काढला. मग त्यांनी कप उचलून खिडकीत ठेवला, शर्टाच्या बाहीनं वरच्या कागदावरचा ओला गोल टिपला, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.