ट्रेलरमधलं बिऱ्हाड

शुक्रवारी संध्याकाळी सत्यजितचा फोन आला तेव्हा उल्का ऑफिसची शेवटची मीटिंग संपवून फ्रिज उघडून उभी होती. भात लावायचा की उरलेल्या पोळ्यांवर भागवायचं, हे तिला ठरवता येत नव्हतं. सत्यजित अ‍ॅशबर्नच्या एका डेटा सेंटरमध्ये कामाला होता. तिथली कूलिंगची यंत्रणा आदल्या दिवशी बंद पडली होती आणि तो तेव्हापासून घरी आला नव्हता. त्याचा आवाज बसला होता. उद्या रात्री तापमान शून्याच्या खाली जाणार आहे, या वर्षी फारच लवकर, असं त्याने सांगितलं. ट्रेलरमधलं पाणी उद्याच्या उद्या काढायला हवं, नाहीतर आत गोठून पाइप फुटतील. कुणाला बोलावता येणार नाही का, असं तिने विचारलं. त्याचं विचारून झालं होतं. अचानक थंडी आल्यामुळे सगळ्यांनाच आजच माणूस हवा होता.

"मी व्हिडिओ पाठवतो," तो म्हणाला. "फार अवघड नाहीये. जमेल तुला." मग जरा थांबून त्याने विचारलं, "आईला तू सांगशील?"

खरं अवघड होतं ते एवढंच. कारण त्या ट्रेलरमध्ये त्याची आई सुलभाताई राहत होत्या.

ट्रेलर घेतला होता कॅम्पिंगसाठी. गाडीच्या मागे जोडून न्यायचा, आत पलंग, छोटा ओटा, बेसिन, न्हाणी. दोनदा डोंगरात नेला. दुसऱ्या खेपेला त्यांची पंधरा वर्षांची मुलगी इशिता नेटवर्क नाही म्हणून अख्खा वेळ रुसून बसली, आणि त्यानंतर ट्रेलर घराच्या बाजूला मेपलच्या झाडाखाली उभा राहिला तो राहिलाच. त्यांची वस्ती जुनी, शहरापासून जरा लांब. ट्रेलर का उभा केलात म्हणून पत्र पाठवणारी रहिवाशांची असोसिएशन तिथे नव्हती.

सुलभाताई सांगलीहून आल्या होत्या त्या नवरा गेल्यावर. सगळी नोकरी बँकेच्या कॅश काउंटरवर झालेली, स्वतःच्या हिमतीवर संसार केलेली बाई. इथे त्यांना वरच्या मजल्यावरची गेस्ट रूम मिळाली, आणि त्या गेस्टसारख्याच राहू लागल्या. हे भांडं घेऊ का, हा दिवा चालू ठेवू का, आत्ता फोडणी केली तर चालेल का. फोडणीने धुराचा अलार्म वाजायचा. उल्का घरून काम करायची, तिच्या मीटिंगमध्ये तो ऐकू जायचा, मग सुलभाताई दिवसभर दबक्या पावलांनी वावरायच्या. भांडण कधी झालं नाही. भांडण न होऊ देण्यातच दोघी थकून जायच्या.

मे महिन्यात एका दुपारी त्या ट्रेलरमध्ये जाऊन पडल्या. दुसऱ्या दिवशी चहाचं आधण ठेवायला पातेलं घेऊन गेल्या. मग पोळपाट गेला, मिसळणाचा डबा गेला, आणि जूनमध्ये त्या तिथेच झोपायला लागल्या. सत्यजितला ते आवडलं नाही, लोक काय म्हणतील असं तो म्हणाला, पण नळाचा होज आणि विजेची वायर त्यानेच जोडून दिली. उल्काला आधी हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. जुलैत एकदा ती त्यांचे धुतलेले कपडे द्यायला गेली, तर सुलभाताई दारातून म्हणाल्या, "आत ये की. बस. चहा टाकते." ती बसली. सासूच्या घरी पाहुणी म्हणून बसल्यावर दोघींना बोलायला बरंच काही सापडलं. त्यानंतर लंच ब्रेकमध्ये ती बहुतेक रोजच जाऊ लागली.

फोन ठेवल्यावर ती तशीच चपला घालून बाहेर गेली. सुलभाताईंनी ऐकून घेतलं. "उद्याच?" एवढंच त्यांनी विचारलं. उल्काने पाणी तापवायच्या टाकीचं बटण बंद केलं, रात्रीतून निवायला हवी म्हणून. मग ती घरात परत आली.

सकाळी ती पाने, टॉर्च आणि पाइपांत भरायच्या, न गोठणाऱ्या गुलाबी अँटीफ्रीझच्या बाटल्या घेऊन गेली. या बाटल्या गेल्या वर्षीपासून गॅरेजमध्ये होत्या. रात्रीतून सुलभाताईंनी आवराआवर केली असेल असं तिला वाटलं होतं. त्यांनी काहीच आवरलं नव्हतं. अंथरूण तसंच, टेबलावर चष्मा तसाच. त्या स्वेटर घालून पलंगाच्या कडेला बसल्या होत्या.

उल्काने होज काढला आणि कामाला लागली. मैल्याची टाकी आणि सांडपाण्याची टाकी त्याच आठवड्यात माणूस येऊन उपसून गेला होता, तेवढं तरी तिच्या वाट्याचं नव्हतं. ती ओल्या गवतावर पाठ टेकून ट्रेलरखाली सरकली आणि खालची दोन झाकणं उघडली. पाणी तिच्या बाहीतून खांद्यापर्यंत गेलं. मग पाणी तापवायच्या टाकीचा बूच. तो हलेना. तिने पान्यावर पाय ठेवून सगळं वजन टाकलं, तेव्हा तो एकदम सुटला आणि क्षारांचा पांढरा चुरा घेऊन गढूळ पाणी भसाभसा बाहेर आलं. व्हिडिओतला माणूस इथे हसत होता. उल्का उभी राहिली तेव्हा तिची कंबर धरली होती.

खालची दोन झाकणं तिने परत लावली. पुढची पायरी आतली. तापवायच्या टाकीला वगळून पाइप जोडायचे, म्हणजे अँटीफ्रीझ फुकट त्या टाकीत न भरता थेट नळांपर्यंत जातं. त्या पाइपांचे कॉक पलंगाखालच्या फळीमागे होते, आणि पलंगाखाली सुलभाताईंचं सगळं सामान होतं. म्हणजे आवरणं आलंच. उल्का गुडघ्यावर बसून एकेक वस्तू मागे देत गेली आणि सुलभाताई ती टेबलावर मांडत गेल्या. मेतकुटाची बरणी, पोह्यांचा डबा, लोकरीचे गुंडे, इस्त्रीच्या साड्या. उल्काची शाल निघाली, तिचे कानातले हेडफोन निघाले, ऑगस्टमध्ये हरवलं म्हणून तिने घरभर शोधलेलं पुस्तक निघालं.

"तू इथंच टाकून जायचीस," सुलभाताई म्हणाल्या. "मी ठेवून द्यायची."

व्हिडिओतल्या ट्रेलरला एकच कॉक होता. यांच्यात तीन होते. उल्काने दोन फिरवले. तिसरा पाइपाच्या मागे होता, तो तिला दिसला नाही. तिने पंपाची नळी बाटलीत सोडली आणि पंप चालू केला. सुलभाताईंना तिने बेसिनपाशी उभं केलं आणि गुलाबी पाणी येईपर्यंत नळ सोडून ठेवायला सांगितलं. गार पाण्याचा नळ फुरफुरला, थुंकला, आणि त्यातून गुलाबी धार आली. गरम पाण्याच्या नळातून नुसती हवा येत राहिली. एक बाटली संपली. दुसरीही संपत आली. तेव्हा सुलभाताई खिडकीतून वाकून म्हणाल्या, "उल्का, बाहेर गवतात गुलाबी पाणी वाहतंय."

ती बाहेर धावली. काढलेल्या बुचाच्या भोकातून सगळं अँटीफ्रीझ त्या टाकीतून गवतात चाललं होतं. तिने बूच घट्ट लावला, आत येऊन टॉर्च मारली, तिसरा कॉक शोधून फिरवला. पण आता बाटलीत काही उरलं नव्हतं. ती पंपाजवळ जमिनीवरच बसली. रडायला आलं नाही. फक्त उठावंसं वाटेना.

"चल, दुकानात जाऊ," सुलभाताई म्हणाल्या. "मीपण येते."

पहिल्या दुकानात त्या रॅकवर नुसती पाटी होती. दुसऱ्यातही तेच. तिसरं बरंच लांब, हायवेच्या कडेचं शेतीच्या सामानाचं दुकान, तिथे दाराशीच थप्पी लावलेली होती. साडीवर सत्यजितचं जुनं जॅकेट घातलेल्या सुलभाताईंनी कार्ट ढकलली. परत गाडीत बसल्यावर उल्काने किल्ली फिरवली नाही. समोर एक माणूस ट्रकमध्ये गवताचे भारे चढवत होता, त्याच्याकडे ती पाहत राहिली.

"मला सगळ्याचाच कंटाळा आलाय हो, आई," ती म्हणाली. "या कामाचा नाही. सगळ्याचाच."

सुलभाताईंनी पर्समधून शेंगदाण्याच्या वडीचं पाकीट काढलं, अर्धी वडी तिला दिली.

"मला आत घरात यायचं जिवावर आलंय," त्या म्हणाल्या. "तुझ्यामुळे नाही. तू कधी वावगं बोलली नाहीस. पण त्या घरात मी उठल्यापासून विचारतच असते. हे घेऊ का, ते लावू का. माझाच आवाज ऐकून मला वीट येतो. ट्रेलरमध्ये कुणाला विचारावं लागलं नाही."

"आणि मला वाटतं, तुम्ही बघताय," उल्का म्हणाली. "भाजी कशी चिरते, इशिता किती वाजता उठते. तुम्ही काही म्हणत नाही. तरी मी परीक्षेला बसल्यासारखी असते. ट्रेलरमध्ये आले की पाय पसरून बसता यायचं."

"बघते की मी," सुलभाताई म्हणाल्या. "दुसरं काय करू? माझ्या हाताला काम कुठं असतं तिथं?"

यावर उल्काला हसू आलं, पण ते बाहेर पडण्याइतकी ताकद नव्हती. वडी संपल्यावर तिने विचारलं, वरच्या खोलीऐवजी बेसमेंटमध्ये राहायला आवडेल का. आधीच्या मालकाने तिथे एक सिंक बसवलेलं आहे, मागच्या अंगणात उघडणारं स्वतंत्र दार आहे. इंडक्शनची शेगडी ठेवता येईल. सुलभाताईंनी थंडी फार असेल का ते विचारलं. असेल, उल्का म्हणाली, पण हीटर लावू. सुलभाताई "बघू" म्हणाल्या, आणि पट्टा लावून घेतला.

परत आल्यावर काम पटकन झालं. पंपाने गुलाबी पाणी ओढलं, गरम पाण्याच्या नळातून ते आलं, न्हाणीच्या शॉवरमधून आलं, टॉयलेटमध्ये आलं. उल्का पंपापाशी आणि सुलभाताई नळांपाशी. "आलं" म्हटलं की नळ बंद, पुढचा नळ. शेवटी बेसिनच्या आणि न्हाणीच्या जाळीतून त्यांनी एकेक पेला ओतला, खालच्या वळणात साचलेलं पाणी गोठू नये म्हणून. नंतर इशिताला हाक मारून तिघींनी सामान नेलं. गादी दारातून निघेना, ती तिथेच राहू दिली. इशिताने डबे उचलता उचलता "आजी, your stuff smells so good" असं म्हटलं आणि एकीकडे फोनवर बोलत राहिली. सुलभाताईंनी दार ओढून घेतलं, कडी लागली की नाही ते दोनदा पाहिलं.

त्या रात्री त्या वरच्या गेस्ट रूममध्येच झोपल्या. जेवायला उरलेल्या पोळ्याच होत्या. सुलभाताईंनी कुणाला न विचारता त्यांचा फोडणीचा चिवडा केला. अलार्म वाजला. इशिताने खुर्चीवर चढून तो बंद केला आणि परत जेवायला बसली.

सत्यजित रविवारी दुपारी आला. अंघोळ न करताच सोफ्यावर झोपला. पाइप वाचले का एवढं त्याने विचारलं होतं. हो म्हटल्यावर पुढचं ऐकायला तो जागा नव्हता. उल्काने त्याच्या अंगावर पांघरूण टाकलं आणि चार्जिंगला लावायला त्याचा फोन उचलला, तर बेसमेंटमधून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला.

ती खाली गेली. सुलभाताईंनी सिंकवरचे खोके उतरवून ठेवले होते, नळ सोडून पाहिला होता. सिंकच्या पुढ्यात ट्रेडमिल होती. ती हलवता आली तर इथे पलंग बसेल, असं त्या म्हणाल्या. सत्यजित उठल्यावर हलवू, उल्का म्हणाली. पण सुलभाताईंनी एक टोक धरलेलंच होतं, म्हणून तिने दुसरं धरलं. ट्रेडमिल वीतभर सरकली आणि कार्पेटमध्ये अडकून बसली. पुन्हा जोर लावला, तरी जागची हलली नाही.

"राहू दे आज," सुलभाताई म्हणाल्या.

त्या ट्रेडमिलच्या पट्ट्यावर टेकल्या, आणि उल्काही त्यांच्या शेजारी बसली. वरून सत्यजितच्या घोरण्याचा आवाज येत होता.