दुसऱ्या मुलाचं नाव

ॲलिडा व्हॅन वेसमची एक फुशारकी होती: नाव सांगा, मी तुमचा आजा सांगते. आणि ती सांगायचीही, त्यात खोट नाही. हडसनच्या खोऱ्यातल्या जुन्या डच घरांची रीतच तशी होती. पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या. या एका रीतीच्या जोरावर तिने तीस वर्षं खपून, हॉलंडहून जहाजाने आलेल्या ट्युनिसपासून आजपर्यंतचा सगळा गोतावळा लावला होता. लग्न केलं नाही, चर्चमध्ये ऑर्गन बडवला आणि मेलेल्यांचा संसार थाटला, असं तिचा धाकटा भाऊ गॅरेट म्हणायचा. त्याचं तोंडच तसं होतं.

दर ऑगस्टमध्ये सगळे व्हॅन वेसम स्टीनकिल ओढ्याकाठच्या दगडी घरी जमत. त्या सकाळी ॲलिडा स्वयंपाकघरात मनुके घातलेले ओलीकूक, म्हणजे डच पद्धतीचे गोड वडे, तळत होती, तेवढ्यात मागच्या दाराने डीना आत आली. डीनाचंही आडनाव व्हॅन वेसमच, पण ती काळी. या घराच्या दफनभूमीला दगडी भिंत होती. गोरे व्हॅन वेसम भिंतीच्या आत पुरलेले, डीनाची माणसं बाहेर, ओढ्याकडच्या पट्टीत. पूर्वी गुलामांना मालकाचं आडनाव चिकटायचं, तसंच यांना चिकटलं असणार, असं सगळं गाव धरून चालत होतं.

"ती पट्टी आज विकणार म्हणे," डीना खुर्ची ओढत म्हणाली.

"जेवणानंतर मतं घेणार आहेत."

"मतं कसली डोंबलाची! गॅरेटने मान हलवली की सगळे हलवतात. आणि मोटेलवाला माझ्या आईच्या छातीवर गाड्या उभ्या करणार."

"अगं, तसं नाही. सगळ्यांना नीट उचलून गावच्या दफनभूमीत नेणार आहेत."

"उचलून? माझी आई काय बटाटा आहे?" डीना हसली खरी, पण तिचे डोळे भरून आले. "ॲलिडा, माझं आता काय राहिलंय? मला तिच्या शेजारी निजायचंय, बस. तू बोललीस तर ऐकतील."

ॲलिडाने कढईत बघत झारा फिरवला. कुटुंबाच्या संघाचा नियम तिला पाठ होता: ट्युनिसच्या रक्ताचं एकही थडगं हलवायचं नाही. बाहेरच्यांसाठी नियमच नव्हता.

"मी काय बोलू गं? नियम रक्ताचा आहे," ती म्हणाली, आणि म्हणताना तिची तिलाच लाज वाटली. तिने ओलीकूकची बशी पुढे सरकवली. डीनाने ती तशीच ठेवली आणि ती उठून गेली.

गॅरेट काही राक्षस नव्हता, हेही सांगायला हवं. घराचं छप्पर गळत होतं, खर्चाच्या नावाने सगळे नातेवाईक आकाशाकडे बघत होते, आणि मोटेलवाला पट्टीचा चांगला भाव देत होता. गॅरेट संघाचा अध्यक्ष. शिव्या खायला तोच.

दुपारी सफरचंदाच्या झाडाखाली टेबलं लागली. मक्याची कणसं, हॅम, कोबीची कोशिंबीर, सायडरचे जग. गॅरेटची सून जुडिथ पोटावर हात ठेवून बसली होती. तिला पहिला मुलगा होता आणि दुसरं मूल महिन्यावर आलेलं. ती पेनसिल्व्हेनियातल्या पोलिश खाणकामगाराची मुलगी, आणि गप्प बसणं तिच्या रक्तात नव्हतं.

"मुलगा झाला तर मॅन्युएल," गॅरेटने कणीस सोलता सोलता जाहीर केलं. "आपल्या घरात दुसरा मुलगा मॅन्युएलच." एवढं बोलून तो थांबला. त्याचा स्वतःचा दुसरा मुलगा, मॅन्युएल, कोरियाच्या लढाईत मारला गेला होता. ते नाव तो सहसा घेत नसे.

जुडिथचा आवाज मऊ झाला, पण ती मागे हटली नाही. "बाबा, पण आत्या तर वेगळं सांगतात. दुसरा मुलगा आईच्या बापाच्या नावाचा. म्हणजे माझ्या बाबांच्या. काझीमीर."

"काझीमीर व्हॅन वेसम!" गॅरेटला ठसकाच लागला. "अगं, हाक मारेपर्यंत पोरगं पळून जाईल."

सगळे खो खो हसले. जुडिथ ॲलिडाकडे वळली. "आत्या, तुम्हीच सांगा. रीत सगळ्यांना लागू, मग मॅन्युएल मध्येच कुठून आला? पहिल्या मॅन्युएलच्या आईचा बाप कोण होता?"

"ते..." ॲलिडाने तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

जहाजातून आलेल्या ट्युनिसचा मुलगा बारेंट. बारेंटची बायको मारिया, माहेर अज्ञात. त्यांचा थोरला मुलगा आजोबांच्या नावाचा ट्युनिस, आणि धाकटा मॅन्युएल. ॲलिडाने लिहून ठेवलं होतं की 'देव आपल्याबरोबर' अशा अर्थाचं हे नाव देवभक्तीने ठेवलं असावं. देवभक्तीने! इतर चारशे पोरांची नावं तिने रीतीने लावली, एकाच्याही बाबतीत देवाला मध्ये आणलं नाही, आणि नेमकी इथेच तिला भक्ती सुचली होती. या खोऱ्यातल्या गोऱ्या शेतकऱ्यांत मॅन्युएल नावाचा आजोबा तिला कधी भेटला नव्हता. पण मॅनहटनमध्ये त्या काळी मॅन्युएल होते. डच कंपनीने गुलामगिरीतून सोडलेले, शहराबाहेर स्वतःची शेतं कसणारे आफ्रिकी. हे तिने कितीदा तरी वाचलं होतं. म्हणजे मारियाचा बाप त्यांच्यातलाच एक.

आणि त्या धाकट्या मॅन्युएलचं थडगं! थोरल्या भावाने आपल्या दुसऱ्या पोराला ज्याचं नाव दिलं आणि तेच पुढे घरात चालत राहिलं, इतका ज्याच्यावर जीव, त्या भावाचं थडगं तिला कधी सापडलं नव्हतं. तीस वर्षं तिने गुडघे टेकून एकेक दगड घासला होता. भिंतीच्या आतला.

बाहेर ओढ्याकडे एक बुटका दगड होता. त्यावर तीनच अक्षरं कोरलेली: मॅ. व्हॅ. वे. डीनाची माणसं दर वसंतात त्याला चुना लावत आणि त्याला मॅन्युएल आजोबा म्हणत. ॲलिडाने तो दगड लहानपणापासून पाहिला होता. त्यावर बसून ती डीनाबरोबर चेरी खायची.

"आत्या, बरं वाटत नाहीये का?" जुडिथने विचारलं.

"बरं? माझ्यासारखी गाढवीण या खोऱ्यात दुसरी नसेल," ॲलिडा म्हणाली आणि टेबलाला धरून उठली. "गॅरेट, मतं घेऊ नकोस. ती पट्टी विकता येणार नाही. तिथे ट्युनिसचा नातू आहे."

मग तिने सगळं सांगितलं. सांगणं सोपं नव्हतं, कारण तीस वर्षं खपून लिहिलेली आपली वंशावळच चुकली आहे हे ती शंभर माणसांसमोर कबूल करत होती.  कुणीतरी खाकरलं.

"एका नावावरून?" गॅरेट लालबुंद झाला होता. "एका नावावरून तू आपला आजा बदलणार?"

"एका नावावरून मी अर्ध्या लोकांना इथे जेवायला बसवलंय. तुझं अध्यक्षपदही एका नावावरच उभं आहे. तेव्हा नाही विचारलंस ते."

"म्हणजे आपण..."

"हो, आपणही. मारिया थोरल्याचीही आईच होती ना? धाकट्याचे वंशज भिंतीबाहेर राहिले, थोरल्याचे आत. भिंत नंतर कुणीतरी बांधली, आजा एकच."

गॅरेट उठला. तो आता ओरडणार असं सगळ्यांना वाटलं. पण तो फाटक ओलांडून भिंतीला वळसा घालून ओढ्याकडे गेला. ॲलिडा मागोमाग निघाली, तिच्यामागे जुडिथ.

डीना तिथे आईच्या थडग्यापाशी बसली होती. पट्टी जाणारच म्हणून शेवटचं बसून घ्यावं असं तिच्या मनात होतं. ॲलिडाने तिला सगळं सांगितलं. डीना आईच्या दगडाकडे वळली.

"आई म्हणायची, आपण त्या घरचेच," ती म्हणाली. "मी म्हणायचे, आई, उगाच बरळू नकोस, लोक हसतील." आणि मग ती रडली, अगदी लहान पोरीसारखी, हाताने नाक पुसत.

गॅरेट त्या बुटक्या दगडासमोर टोपी हातात घेऊन उभा होता. त्याने तीन अक्षरांवरून बोट फिरवलं. हीच तीन अक्षरं भिंतीच्या आत त्याच्या मुलाच्या दगडावर होती. त्यानेच कोरवून घेतली होती.

"डीना, तुझी जागा कुठे आहे?" त्याने विचारलं.

तिने आईच्या शेजारची हिरवळ दाखवली.

"असू दे तशीच. कुणी हात लावणार नाही." त्याने वर घराकडे पाहिलं. "छप्पर गळतंय तर गळू दे."

मग तो सुनेकडे वळला.

"तुझ्या बापाचं नाव काय म्हणालीस? परत सांग, हळू सांग."

"काझीमीर. पण बाबा, आता मलाच मॅन्युएल ठेवावंसं वाटतंय."

"अजिबात नाही. बारेंटने त्या काळात, त्या गावात, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून आपल्या सासऱ्याचं नाव पोराला दिलं," गॅरेट म्हणाला. त्याचे डोळे अजून दगडावरच होते. "मग मला काय धाड भरलीय? काझीमीर. का-झी-मीर. येईल, सवयीने येईल."