जागा बदलणारा आवाज

नामदेवने स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरसायकलच्या चालू इंजिनाला टेकवलं, मुठीकडची बाजू कानाला लावली आणि डोळे मिटून घेतले. समोर मिथुन श्वास रोखून उभा होता. डॉक्टर छातीला नळी लावतो तेव्हा घरचे लोक उभे असतात, तसा.

"टायमिंग चेन ठणठणीत," नामदेव म्हणाला. "इंजिनाला काय धाड भरलेली नाय."

"पन आवाज येतो, काका. देवाशप्पथ येतो. आता डावीकडून येतो, खळखळ, खळखळ."

"मागच्या टायमाला तर मागून येत होता."

"तो तुमी काढला ना. ह्यो नवीन हाय."

नामदेवने गाडी बंद केली. नेमकं हेच त्याला डाचत होतं. बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गॅरेजात तो अर्धं आयुष्य गाड्या ऐकत आला होता. वळणापलीकडून येणाऱ्या गाडीची चेन सैल आहे की ब्रेक घासतोय, ते तो मान वर न करता सांगायचा आणि बरोबर निघालं की मिशीतल्या मिशीत हसायचा. आपल्या कानांचा त्याला गर्व होता, आणि तो लपवायच्या भानगडीत तो कधी पडला नव्हता. पण दांडी गावच्या या पोराच्या गाडीतला आवाज एकीकडून काढला की दुसरीकडून निघायचा. आधी मडगार्ड, मग चेनकव्हर, आता डावी बाजू. भाडेकरूसारखा घरं बदलत फिरणारा आवाज त्याने जन्मात ऐकला नव्हता.

त्यात परवा कंपनीतून सुटलेला एक वेल्डर सगळ्यांसमोर म्हणाला होता, "नामदेवभाई, कान की भी सर्विसिंग करवा लो." समोरच्या टपरीवर चहा गाळणारी राहीबाई त्यावर इतकी हसली की गाळणं कपात पडलं. तेव्हापासून ती येता-जाता विचारायची, "गावला का तुजा चोर?"

"काका, राग नका मानू," मिथुन जमिनीकडे बघत म्हणाला. "घरचे म्हनतात, एकदा पालघरला शोरूममधे दाखव. सोमवारी सुट्टी हाय माजी. नेऊ का?"

गॅरेजच्या आत पाना खाली पडला. तिथे नामदेवची मुलगी हिमानी एका स्कूटरपाशी बसली होती. आयटीआय करून ती बापाच्या हाताखाली काम करत होती, आणि तिच्या हातून सहसा काही पडत नसे.

"नेशील, नेशील," नामदेव म्हणाला. शोरूमवाल्यांना आवाज सापडला तर आपलं नाक पुरतं कापलं जाणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. "आधी मला एक चक्कर मारून येऊ दे."

खरं तर एव्हाना त्याला वेगळाच संशय येऊ लागला होता. आवाजबिवाज काही नसेल, पोरगा हिमानीकडे बघायला येत असेल. गाडी रस्त्यावर गप्प राहिली तर परत येऊन याला चांगलं फैलावर घ्यायचं, असं ठरवूनच तो निघाला. आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला डाव्या मांडीखाली खळ्ळकन वाजलं. पोरगा खरं बोलत होता. नामदेवला मनातून थोडी शरम वाटली.

एका शिरिषाच्या सावलीत त्याने गाडी उभी केली आणि डावं साइडकव्हर ओढून काढलं. कव्हरच्या खुंट्या ज्या रबरांत घट्ट बसतात, त्यांतलं एक रबर जागेवर नव्हतं. खुंटी मोकळी होती आणि खड्डा आला की पत्र्यावर आपटत होती. एवढंच होतं.

हात वर करून ओरडावंसं त्याला वाटलं. पण हात अर्ध्यावरच थांबला. मागच्या वेळी बॅटरी बघायला हेच कव्हर त्याने स्वतः उघडलं होतं, आणि तेव्हा सगळी रबरं जागेवर होती. मग त्याला चेनकव्हर आठवलं, तिथेही रबरच गेलं होतं. मडगार्डचा वॉशर गेला होता. प्रत्येक वेळी त्याचं काम झालं की चेनला तेल देऊन, कव्हरं लावून, पुसून गाडी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं काम एकटी हिमानी करायची.

तो गाडीभोवती फिरून आला. ब्रेकला कोणाचा हात लागला नव्हता. चाकाच्या नटांना नाही, इंजिनाच्या एकाही स्क्रूला नाही. खुळखुळा वाजेल पण चालवणाऱ्याच्या केसालाही धक्का लागणार नाही, तेवढ्याच जागा निवडल्या होत्या. कुठल्या आवाजाला घाबरायचं आणि कुठला नुसता ऐकून सोडून द्यायचा, हे तिला त्यानेच शिकवलं होतं. नामदेव रस्त्याच्या कडेला बसला आणि एकटाच हसला. पोर कामात पक्की झाली, याचा त्याला फार आनंद झाला. तो ओसरल्यावर, पोरगा परत परत यावा म्हणून तिने हे केलं, याची धास्ती वाटली, आणि मग तीही ओसरली.

तो परत आला तेव्हा मिथुन स्कूटरपाशी उकिडवा बसून बापाच्या होडीची हकिकत सांगत होता. हिमानी एरवी गिऱ्हाइकाशी चार शब्दांच्या वर बोलत नसे. आता ती विचारत होती, "मग बंद पडलेली होडी आनली कोनी वढून?"

"गावला काय रे चोर?" राहीबाई पलीकडून ओरडली. टपरीवरच्या दोघा-तिघांनी माना वळवल्या. वेल्डरही होता.

उत्तर नामदेवच्या जिभेवर होतं. एक शब्द टाकला असता तर सगळा नाका गप्प झाला असता. त्याने हिमानीकडे पाहिलं. ती मान खाली घालून, लख्ख पुसलेला प्लग पुन्हा पुसत होती. तिचे कान लाल झाले होते.

"नाय गावला," नामदेव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

वेल्डरने शेजारच्याला टाळी दिली. राहीबाई मात्र हसली नाही. तिला बिचाऱ्याची दया आली असावी.

"मग सोमवारी शोरूमला..." मिथुनने सुरुवात केली.

"शोरूमच्या बापाला गावायचा नाय. चालत्या गाडीवर मागं बसून ऐकायला पायजे. माजे कान जुने झाले, हिमानीचे नवे हायत. तिला घेऊन दांडीपर्यंत जाऊन ये. उजेड हाय तवर परत या."

मिथुन हेल्मेट शोधायला वळला. तेवढ्यात नामदेवने खणातून साइडकव्हरचं एक नवंकोरं रबर काढलं आणि मुलीच्या तळहातावर ठेवलं.

"वाटेत आवाज गावलाच, तर लागेल," तो हळूच म्हणाला. "घाई नाय."

हिमानीने रबराकडे पाहिलं, मग बापाकडे. मूठ मिटली आणि ती जाऊन गाडीवर बसली.

ऊन कलल्यावर नामदेव एका चाकाचं पंक्चर काढत होता. वळणापलीकडून ओळखीची खळखळ आली. डावं साइडकव्हर, रबर नाही. त्याने मान वर केली नाही.

गाडी दारात थांबली.

"गावला नाय, काका," मिथुन म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "उद्या परत बघायला लागंल."

"आनि सोमवारी?"

"सोमवारी पन," हिमानी म्हणाली.