पाहुणीने लिहिलेला शब्द

"ह्यां तुझ्याबद्दल लिवलेला वाचलंस?" सारिकाने मोबाईल यशोदेच्या नाकासमोर धरला.

यशोदा मागच्या पडवीत बांगडे साफ करत बसली होती. तोंडवलीच्या किनाऱ्यावर कॉस्मेच्या भाड्याच्या चार खोल्या, आणि कुंपणापलीकडे सारिकाच्या तीन. नऊ वर्षं यशोदा कॉस्मेकडच्या पाहुण्यांचं रांधायची, खोल्या झाडायची. सारिका सहसा इकडे फिरकत नसे.

"माका इंग्लिश खंय येता?"

"मी वाचतंय. कॉस्मेच्या खोल्यांच्या रिव्ह्यूत आसा. 'यशोदा इज डिस्क्रिशन इटसेल्फ.' पुण्याची ती रेवती, मागच्या म्हयन्यात इल्ली ती. डिस्क्रिशन म्हणजे काय म्हायती आसा? टीव्हीर येता बघ, घाण काय दाखवच्या आदी."

"मगे माझ्याबद्दल तसा कित्या लिवतली?"

"ताच तर मी इचारतंय." सारिकाने आवाज खाली आणला. "रोज फाटफटी दर्यार चादर धरून उभी रवायचंस. पाच दिस. चादरीच्या पाठी काय चल्लेला?"

यशोदेने बांगड्याचं डोकं छाटलं. "पाणी होता थंय. दर्याचा."

सारिका हसली नाही. जाताना दोनदा मागे वळून बघितलं तिने.

चादरीमागे रेवतीबाई ओले कपडे बदलत असत, एवढंच. आल्या त्या पहिल्या संध्याकाळी त्या पायऱ्यांवर बसून नुसत्या समुद्राकडे बघत राहिल्या होत्या. चहा द्यायला गेलेल्या यशोदेला म्हणाल्या, "ताई, मी कॉलेजात असताना पोहण्यात बक्षिसं मिळवलीयत. पण दोन वर्षं झाली, पाण्यात पाऊल टाकलं नाही." आणि ओढणी जरा बाजूला केली. छातीची एक बाजू सपाट होती. यशोदेने विचारलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती जाड चादर घेऊन पायऱ्यांखाली उभी राहिली. "चला. आता थंय कोण नसता," म्हणाली.

कुणाला सांगू नका, असं रेवतीबाई कधीच म्हणाल्या नाहीत. त्यामुळेच की काय, यशोदेला ते जास्त जपावंसं वाटलं.

पण सारिका गेल्यावर तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. बाईने असं कसं लिहिलं? गोड बोलून काही वाईटसाईट तर नाही ना लिहून गेली? शहरातल्या माणसांचा काय भरवसा. घरी जाताच तिने दिव्याला, बारावीतल्या आपल्या लेकीला, तो शब्द मोबाईलवर बघायला सांगितला.

"अर्थ खूप आसत," दिव्या म्हणाली. "तारतम्य. विवेक. स्वतःच्या मर्जीन ठरवचो अधिकार. आणि..." ती थांबली. "गोष्ट गुप्त ठेवणे."

"बरो आसा की वायट?"

"ता कोण काय गुप्त ठेवता तेच्यार आसा." दिव्याने मोबाईल उलटा ठेवला. "आये, तू काय लपयतंस?"

पोटच्या पोरीच्या डोळ्यांत सारिकाची नजर बघून यशोदा चुलीकडे वळली. शब्द वाईट नव्हता, हे तिला कळलं. पण ते कळून काही उपयोग नव्हता. तो खरा ठरवायचा तर जे राखलं तेच उघडं करायला हवं होतं.

आठ दिवसांत बोलणं वाढत गेलं. चादरीमागे बाई होती, मग बाईबरोबर कॅमेरा आला. दुकानात यशोदा शिरली की बायका साखरेच्या भावाबद्दल बोलू लागत. महादू, तिचा नवरा, काजू विकायला कट्टा गावच्या बाजारात गेला तो ताठ तोंडाने परत आला.

"स्टँडार माका इचारतत, बायकोन शूटिंग केल्यान काय म्हणान."

"तुमका काय वाटता?"

"माका वाटता ता रवांदे. काय झाला ता सांग."

"तुमका सांगलंय तर उद्या तुमी स्टँडार सांगतलास. माझ्यासाठीच सांगतलास, ता माका म्हायती आसा. पण सांगतलास."

महादूने ताट पुढे सरकवलं. नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं, पण तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. भात तसाच ठेवून तो उठला. त्या दिवसानंतर त्याने विचारलं नाही, आणि नीट बोललाही नाही.

शेवटी कॉस्मे तिच्याशी बोलायला चुलीपाशी आला. गावातले दोघे त्याच्याकडे येऊन गेले होते.

"यशोदा, नऊ वर्सां तू माझ्याकडे आसस. माझो तुझ्यार इस्वास आसा. पण लोकांका काय सांगू? मी त्या बायेक फोन लावतंय. तिणां दोन शब्द सांगल्यान की सुटलंव."

"नको."

"कित्या?"

"तिका कळतला, आमी गावभर तिची चवकशी केली म्हणान. ती परत पाण्यात जावची नाय."

हे जरा जास्तच बोलले, असं तिला वाटलं. पाण्यात जाण्याचा आणि या सगळ्याचा संबंध काय, हा प्रश्न कॉस्मेच्या कपाळावर दिसत होता.

"मगे तू सांग. माका एकट्याक."

यशोदा आमटी ढवळत राहिली. तिच्या गप्प बसण्याकडे बघता बघता कॉस्मेच्या नजरेतही ते हळूहळू उतरलं, जे सारिकाच्या नजरेत होतं. तिला ते दिसलं.

"माझो धंदो आसा गो," तो खाली बघत म्हणाला. "चार दिस घराक रव. लोक इसारतत."

"बरा." तिने चुलीवरची आमटी मंद केली, हात पुसले. "दोन नंबरातल्या आजोबांका तिखट देव नकात."

"कित्या गो, तेंका काय झाला?"

"देव नकात, इतक्याच," म्हणून ती निघाली.

चार दिवसांचे वीस झाले. कॉस्मेकडे सावित्री नावाची बाई लागल्याचं दिव्यानेच घरी येऊन सांगितलं. यशोदेने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या सकाळी बसने कट्ट्याला जाऊन एका काजूच्या कारखान्यात काम विचारलं.

ऑफिसात नम्रता नावाची तरुण मुलगी फॉर्म भरत होती. नाव, गाव, वय झालं.

"आधी कुठे होतात?"

"एका होमस्टेमध्ये. स्वयंपाक करत होते." ऑफिसात बोलायचं म्हणून यशोदा जपून पुस्तकी बोलत होती.

"किती वर्षं?"

"नऊ."

"एवढी? मग सोडलंत का?"

पलीकडच्या खोलीत बायका काजूगर सोलत होत्या. कुणाच्या तरी सुनेबद्दल कुजबुज चालली होती, सगळ्या माना एकीकडे झुकल्या होत्या.

"कारण लिहावं लागतं हो," नम्रता म्हणाली. मग स्वतःच काहीतरी लिहिलं आणि कागद फिरवला. "'वैयक्तिक' लिहिलंय. चालेल?"

यशोदा त्या शब्दाकडे बघत राहिली. "ह्येचो अर्थ काय?"

"म्हणजे तुमचं तुमच्यापाशी. कोणी विचारायचं नाही."

"चलात," यशोदा म्हणाली. तिने एकेक अक्षर सावकाश काढत सही केली, आणि पदर खोचून बायकांच्या रांगेतल्या शेवटच्या रिकाम्या पाटावर जाऊन बसली.