तीन राजे

दानम्मानं पुढ्यात आलेला कागद उचलला, त्याला पिठाचे दोन्ही हात पुसले आणि चुरगळून सिद्धूच्या मांडीवर टाकला.

“झाली सही. घे.”

शेडमधला भाकरी थापण्याचा आवाज एकदम थांबला. भवानी पेठेतल्या त्या पत्र्याखाली नऊ बायका कडक भाकरी करायच्या. नवरा गेला त्या वर्षी दानम्मानं एकटीनं दोन चुली मांडल्या होत्या. आता सात होत्या. सिद्धूला ती जागा विकायची होती. आलेल्या पैशात तो गोव्याला जाऊन पोकरच्या मोठ्या टेबलावर बसणार होता.

“अव्वा, हा जुगार न्हाय,” तो म्हणाला. “डोकं लागतंय ह्याला. पानं कसलीबी येऊ देत, समोरचा माणूस वाचता आला की झालं. दोन वर्षं अभ्यास केलाय मी.”

“दहावीला केला असतास तर?”

मथुराबाई पदराआड हसली. दानम्मानं तिच्याकडं नुसतं बघितलं, तशी ती घाईनं परातीत वाकली.

“जाऊ दे. तुला न्हाय समजायचं ते.”

दुसरीतून शाळा सुटलेल्या दानम्माला हे वाक्य सासऱ्यानं ऐकवलं होतं, दिरानं ऐकवलं होतं. आता पोटचा पोरगा ऐकवत होता, तेही तिच्याच चुलीवरची भाकरी खाऊन.

“काढ पानं,” ती म्हणाली. “शिकव मला. जिंकलास तर सही देते. हरलास तर ह्या जागेचं नाव काढायचं न्हाय, आणि उद्यापासनं पीठ तू मळायचं.”

पानं त्याच्या खिशातच होती. त्याचाही तिला राग आला.

चटणीसाठी भाजलेले शेंगदाणे त्यांनी पन्नास-पन्नास वाटून घेतले. ज्याचे संपतील तो हरला. सिद्धूनं समजावून सांगितलं : दोन पानं आपल्या हातात, पाच मधे उघडी, दोघांची मिळून. त्या सातांतून ज्याची पाच भारी जमतील त्याचा डाव. पाचही बदाम, नाहीतर पाचही किलवर जमले, तर तीन राजेसुद्धा त्याच्याखाली. जमत नसेल तर पानं टाकून द्यायची. मग समोरच्याकडं काय होतं ते बघायचा हक्क नाही.

दानम्मानं पहिले सात-आठ डाव नुसती पानं टाकली.

“लई भित्री हायस की गं तू!”

“सुम्मनिरु. गप वाट पानं.”

पानं चांगली आली तेव्हाच तिनं शेंगदाणे पुढं सारले. आणि सिद्धूनं डाव सोडल्यावर आपली पानं उताणी करून दाखवली. एकदा दोन एक्के होते, एकदा तीन राण्या.

“दाखवायची गरज नसती, अव्वा.”

“मी काय चोरी केलीय लपवायला?”

तो हसला. पण त्यानंतर तिचा हात शेंगदाण्यांकडं गेला की त्याची बोटं आपोआप पानं सोडायला लागली. दानम्माच्या ते ध्यानात आलं. भाव पाडायला आलेल्या व्यापाऱ्याची नजर दुसऱ्या चवडीकडं वळायच्या आधी तिला कळायची; हा तर तिनं पाजलेला होता.

जेवणाच्या वेळेला शेंगदाणे जवळपास बरोबरीत होते. मधे पाच पानं उघडी पडली. त्यातला राजा बदामचा, नव्वी बदामची, चौकीही बदामची. सिद्धू एकाएकी स्वस्थ झाला. खांदे सैल सोडून त्यानं भिंतीला पाठ टेकली आणि मूठभर शेंगदाणे पुढं ढकलले.

दानम्मानं सगळेच ढकलले. 

चुलीत लाकूड फुटलं. कोणी थापत नव्हतं.

“बदाम हायत तुझ्याकडं?” सिद्धूनं विचारलं.

तिनं आपली दोन पानं पालथी जमिनीवर ठेवली.

“अव्वा. खरंच हायत?”

दानम्मानं उजवा हात उचलला आणि गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर ठेवला. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून ती तशीच बसली.

वळसंगच्या शेताच्या वाटणीत दिरानं तिला याच डबीवर हात ठेवायला लावला होता. तिनं हात ठेवून खरं ते सांगितलं आणि बांधाकडचा अर्धा एकर गेला. तेव्हा दहा वर्षांचा सिद्धू तिचा पदर धरून उभा होता.

त्यानं बराच वेळ तिच्या हाताकडं बघितलं. मग आपली पानं उताणी ठेवली. दोन राजे. मधला धरून तीन.

“टाकली,” तो म्हणाला. “तीन राजे टाकायला बी अक्कल लागती, अव्वा.”

दानम्मानं आपली दोन पानं पालथीच उचलली आणि चुलीत घातली. किलवरची सत्ती आणि चौकटची तिर्री.

“अगं, कॅट मोडला की!”

“कुणाला खेळायचंय आता?”

शेंगदाणे आता तिच्याकडंच जास्त होते; सिद्धूनं हार मानली आणि उरलेली पानं गोळा केली. तो चिडला नव्हता, याचंच तिला नवल वाटलं. कागदाचे चार तुकडे करून त्यानं ते चुलीत टाकले, बाह्या वर केल्या आणि परातीशी बसला.

“डबीला हात लावलास तवाच समजलं मला, बदाम हायत ते,” तो म्हणाला. “दुसरं कुणी असतं तर तेवढेच शेंगदाणे लावून मी पानं बघितली असती.”

“समजलं म्हणं! काय समजलं रे तुला?” दानम्मा एवढ्यानं ओरडली की बाहेरचा रिक्षावाला आत डोकावला. “पाणी किती घालतोस? पीठ हाय का चिखल? मथुरा, तू काय बघतीस, तवा करपतोय!” दिवस मावळेपर्यंत तिनं कोणाला सोडलं नाही. सिद्धू मात्र खाली मान घालून मळत राहिला.

सकाळी आंघोळ करून ती पूजेला बसली. डबीतून लिंग काढून डाव्या तळव्यावर घेतलं, विभूती लावली. आता त्या लिंगावर नजर ठेवायची असते. शेडमधून सिद्धूचा आवाज येत होता. बायका त्याला हसत होत्या.

दानम्मानं डोळे मिटले आणि चाचपडत बेल वाहिला.